रस्त्यावरच्या ट्रकला तपासायचं कुणी?

स्वच्छतेत इंदूर २०१७ पासून सलग देशात पहिलं येतंय. स्वच्छ हवेच्या सर्वेक्षणातही दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांमध्ये आपण २०२३ मध्ये पहिले आलो आणि २०२५ मध्ये पुन्हा पहिले आलो. माझं सगळं आयुष्य या शहरात गेलं आहे आणि मला याचा मनापासून अभिमान आहे. म्हणूनच हेही बोललं पाहिजे, की आपली हवा नासवणारी एक मोठी गोष्ट कुणाच्याच हिशेबात धरलेली नाही. राजेंद्रनगरकडून चोइथराम मंडीच्या दिशेने संध्याकाळी स्कूटरवरून जाऊन बघा. फाळक्याच्या वरपर्यंत कांद्याची पोती रचलेला ट्रक पुलाच्या चढावर गिअर बदलतो आणि मागच्या गाड्या क्षणभर दिसेनाशा होतात. रुमाल नाकाशी धरून लोक तसेच पुढे जातात. त्या ट्रकपाशी पीयूसीचा कागद असतो. मुदतीतला असतो, सरकारी पोर्टलवर नोंदलेला असतो. कागदात काही खोट नाही, आणि तरीही तो धूर आपण गिळतो.

आपल्याकडे नव्या गाडीसाठीचे नियम कडक आहेत, जगातल्या चांगल्या नियमांच्या तोडीचे आहेत. ढिलाई सुरू होते ती गाडी शोरूममधून बाहेर पडल्यावर. इंजिनाची खरी परीक्षा होते ती मॉडेल बाजारात यायच्या आधी, प्रयोगशाळेत, सगळे भाग जागेवर असताना. त्यानंतर तो ट्रक पंधरा-वीस वर्षं धावतो. या काळात त्यातलं काय काढलं, काय नवीन जोडलं, पंप किती वाढवला, हे बघणारं कुणी नाही. जी तपासणी होते ती भलतंच काहीतरी मोजते. ही भोकं बुजवली नाहीत तर बीएस-६ (भारत स्टेज, म्हणजे गाड्यांच्या धुराच्या नियमांचा सहावा टप्पा) नंतर बीएस-७ आणून काही फरक पडणार नाही.

नियम कुठून कुठे आले ते थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय काय हातचं जातंय ते कळत नाही. भारत स्टेजचा पहिला टप्पा २००० सालचा. बीएस-४ देशभर लागू झाला १ एप्रिल २०१७ ला, आणि त्याच्या तीनच दिवस आधी सुप्रीम कोर्टाने बीएस-३ गाड्यांच्या विक्रीवर बंदी घातली, कंपन्यांकडे अशा लाखो गाड्या विकायच्या पडून असतानाही. मग बीएस-५ चा टप्पा गाळून १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६ आला. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५० भाग) १० वर आणलं गेलं. त्यासाठी तेल कंपन्यांनी रिफायनऱ्यांमध्ये प्रचंड पैसा ओतला, आणि तो शेवटी आपल्याच खिशातून गेला. जड ट्रकच्या इंजिनाला बीएस-४ मध्ये एका किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडायची मुभा होती, ती बीएस-६ मध्ये अर्ध्या ग्रॅमच्याही खाली आली.

हे आकडे नुसत्या इंजिनाने गाठता येत नाहीत. सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेल्या दोन गोष्टी ते काम करतात. पहिली डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी सिरॅमिकची जाळी. तिच्यात बारीक नळ्या असतात आणि एकाआड एक नळी पुढून किंवा मागून बंद केलेली असते. त्यामुळे धुराला नळीच्या भिंतीतून झिरपूनच पलीकडे जावं लागतं आणि काजळी आत राहते. जाळी धड असेल तर शंभरातले जवळजवळ नव्याण्णव कण ती अडवते. साठलेली काजळी अधूनमधून सहाशे अंशांच्या आसपासच्या उष्णतेत जाळून टाकावी लागते, त्याला गॅरेजात ‘रीजन’ म्हणतात. दुसरी गोष्ट युरियाची टाकी. साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असं ते द्रावण गरम धुरात फवारलं की त्याचा अमोनिया होतो, आणि नायट्रोजन ऑक्साइडचं साधा नायट्रोजन आणि पाणी यांत रूपांतर होतं. बीएस-६ ट्रकचा मोठेपणा या दोन डब्यांत आहे. ते निकामी केले की ट्रक नावापुरता बीएस-६ उरतो.

हे निकामी कसे करतात ते मी जवळून पाहिलं आहे. मागच्या थंडीत भाच्याच्या पिकअपच्या कामासाठी पालद्याच्या बाजूला एका गॅरेजात गेलो होतो. शेजारच्या दहाचाकी ट्रकचा सायलेन्सरचा मोठा डबा उतरवून जमिनीवर ठेवला होता. ग्राइंडरने त्याच्या पोटाला चौकोनी भोक पाडलं होतं आणि मिस्त्रीच्या हाताखालचा पोरगा सळईने आतली जाळी फोडून काढत होता. राखाडी तुकडे घमेल्यात पडत होते. त्यांच्यावरची काजळी इतकी बारीक होती की पोराच्या कोपरापर्यंत चढली होती, आणि त्याने तोंडाला काही बांधलं नव्हतं. जाळी निघाली की तोच पत्रा परत वेल्ड करायचा, वरून सिल्व्हर स्प्रे मारायचा. बाहेरून डबा जसाच्या तसा दिसतो.

मात्र ट्रकच्या कॉम्प्युटरला हे लगेच कळतं, कारण जाळीच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब एकच यायला लागतो. त्याची तोड लॅपटॉपमध्ये होती. मिस्त्रीने स्टिअरिंगच्या खालच्या सॉकेटला वायर लावली आणि इंजिनाचा प्रोग्रॅम बदलला. युरियासाठी काडेपेटीपेक्षा जरा मोठा काळा डबा डॅशबोर्डच्या मागे जोडला. टाकी भरलेली आहे, फवारणी चालू आहे, असं हा डबा ट्रकला सतत सांगत राहतो. “अब युरिया का झंझट ही खतम, अंकल,” मिस्त्री मला म्हणाला. त्याच्या बोलण्यात काही लपवाछपवी नव्हती. पंक्चर काढल्यासारखं त्याचं काम चाललं होतं, रस्त्याला तोंड करून, भर दुपारी. मला त्या मिस्त्रीचा राग आला नाही. राग आला तो इतक्या उघडपणे हे चालू शकतं याचा. त्या जाळीत अडकायची ती काजळी त्या दिवसापासून वाटेतल्या प्रत्येक गावाच्या छातीत जाणार होती, आणि ते थांबवायची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांच्यापैकी एकालाही हे कळायची सोय नव्हती.

जुन्या ट्रकांची तऱ्हा वेगळी. बीएस-३ आणि त्याआधीच्या गाड्यांना जाळीही नाही आणि युरियाही नाही. तिथे डिझेल पंपाची सेटिंग वाढवतात, पाटे जास्तीचे घालतात, फाळके उंच करतात, आणि ट्रक त्याच्या ताकदीपलीकडे भरतात. इंजिनात हवा तेवढीच जाते आणि डिझेल मात्र जास्त पडतं, मग धड न जळलेलं डिझेल काजळी होऊन बाहेर येतं. हे ट्रक लांब पल्ल्याच्या हायवेवर कमी आणि शहराच्या पोटात जास्त दिसतात. रेती, गिट्टी, विटा, पाडलेल्या घरांचा मलबा, उन्हाळ्यात पाण्याचे टँकर. म्हणजे जिथे माणसं दाटीने राहतात तिथेच हे सर्वांत जास्त फिरतात.

दिल्लीने १ नोव्हेंबर २०२५ पासून बाहेरच्या नोंदणीच्या बीएस-३ आणि त्याखालच्या मालवाहू गाड्यांना प्रवेश बंद केला. योग्यच केलं. पण दिल्लीने दार लावलं म्हणून तो ट्रक भंगारात जात नाही. जिथे दार उघडं असेल तिथे जातो, आणि आपल्या माळव्यात दारं सताड उघडी आहेत.

आता मालकांची बाजू. ती ऐकल्याशिवाय या विषयावर बोलणं अन्यायाचं होईल. लोहामंडीत वडिलांच्या वेळेपासून ट्रान्सपोर्टचा धंदा असलेले एक काका आमच्या ओळखीतले आहेत. चार ट्रक, दोन बीएस-४, दोन बीएस-६. एकाही गाडीतलं त्यांनी काही काढलेलं नाही. मी विषय काढला तेव्हा ते उसळलेच. म्हणाले, “तुम्ही लोक सरसकट ट्रकवाल्यांना शिव्या घालता. माझी गाडी शंभर लिटर डिझेलमागे चार-पाच लिटर युरिया पिते. शहरातल्या शहरात फेऱ्या झाल्या की जाळी चोंदते, दिवा लागतो, गाडी ताकद सोडते. मानपूरच्या घाटात गाडी उभी राहिली की पार्टी फोन करकरून जीव खाते. नवी जाळी टाकायची म्हटलं तर खर्च लाखात. शेजारच्याने हे सगळं उपटून फेकलंय आणि भाडं माझ्यापेक्षा कमी सांगतो. पार्टीला रेटशी मतलब. सांग, किती दिवस टिकायचं मी?”

काकांचं बोलणं मला शब्दाशब्दाने पटतं. या देशातले बहुतेक ट्रक अशाच मालकांचे आहेत, ज्यांच्याकडे एक ते पाच गाड्या असतात. त्यांच्यामागे ना कंपनीचा वर्कशॉप, ना इंजिनिअर. ड्रायव्हरला तो दिवा कशाचा आहे हेही धड कुणी शिकवलेलं नसतं. रीजन मधेच बंद पडलं तर काय करायचं, हलका युरिया टाकला तर इंजेक्टरचं काय होतं, हे त्याला गाडी बंद पडल्यावरच कळतं. गाडी विकताना हे शिकवणं, आणि जाळीची सफाई परवडेल अशा भावात जिल्ह्याजिल्ह्यात मिळेल असं बघणं, हे ट्रक बनवणाऱ्या कंपन्यांचं काम आहे. सरकारने ते त्यांच्या गळ्यात बांधलं पाहिजे. पण यातून नियम सैल करा असा अर्थ कुणी काढू नये. उलट आहे. आज नियम मोडणाऱ्याला रोजच्या रोज फायदा होतो आणि पाळणाऱ्याला रोजच्या रोज तोटा. कडक तपासणी पहिल्यांदा कुणाच्या कामी येईल तर ती काकांच्या. शेजाऱ्याला जाळी परत बसवावी लागली की भाड्याचा रेट आपोआप एका पातळीवर येईल.

मग तपासणी कशी होते? पंपाच्या कोपऱ्यात उभी असलेली पीयूसीची व्हॅन सगळ्यांनी पाहिली आहे. डिझेल गाडीची रीत अशी आहे: इंजिन गरम करायचं, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ऍक्सिलरेटर झटकन पूर्ण दाबायचा, असं काही वेळा करायचं, आणि धूर प्रकाशाला किती अडवतो ते यंत्राने वाचायचं. बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना २.४५, बीएस-४ ला १.६२ आणि बीएस-६ ला ०.७ ही मर्यादा; आकडा जितका मोठा तितका धूर दाट. मी मुद्दाम थांबून पाहिलं तेव्हा ट्रकच्या ड्रायव्हरने पाय अर्धाच दाबला. यंत्राची नळी सायलेन्सरच्या तोंडात जायला हवी, ती बाहेर हातभर अंतरावर धरली होती. नंबर प्लेटचा फोटो मात्र नीट निघाला. फोटो निघाला म्हणजे तपासणी झाली.

असं केवळ इंदुरात होतं असं नाही. दिल्लीच्या हवेबद्दलचा कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेचा अहवाल २०२५ मध्ये विधानसभेत मांडला गेला. एकाच केंद्रावर एकाच वेळी एकाहून जास्त गाड्या तपासल्याच्या नोंदी, मिनिटभराच्या आत तपासणी उरकून दिलेली प्रमाणपत्रं, मर्यादेपेक्षा जास्त धूर सोडूनही पास केलेल्या गाड्या, हे सगळं त्यात आहे. देशाच्या राजधानीत, कोर्टाची नजर असताना ही गत. मग बाकीच्या शहरांबद्दल काय बोलायचं!

भ्रष्टाचाराची चर्चा आपण करतो, ती केलीच पाहिजे. पण त्याहून मोठी अडचण अशी, की ही तपासणी अगदी प्रामाणिकपणे केली तरी जाळी फोडलेला बीएस-६ ट्रक तिच्यात पास होऊ शकतो. आजचं इंजिन डिझेल इतक्या दाबाने आणि इतकं बारीक फवारतं, की जाळी नसतानाही डोळ्यांना दिसेल असा काळा धूर फारसा येत नाही. जे बाहेर पडतात ते अतिसूक्ष्म कण, कोट्यवधींच्या संख्येने. ते प्रकाश फारसा अडवत नाहीत, म्हणून धूरमापकाला दिसत नाहीत. फुप्फुसाच्या अगदी तळाशी जाऊन रक्तात उतरतात ते हेच. आणि नायट्रोजन ऑक्साइड? डिझेल गाडीच्या पीयूसीत तो मोजतच नाहीत. म्हणजे युरियाची टाकी कोरडी ठेवली काय आणि काळा डबा लावला काय, पीयूसीच्या लेखी ती गाडी निर्दोष.

युरोपात हीच अडचण आली होती. तिथेही लोक जाळ्या काढून टाकत होते आणि धूरमापकाला पत्ता लागत नव्हता. नेदरलँड्सने १ जानेवारी २०२३ पासून आणि जर्मनीने त्याच वर्षी १ जुलैपासून गाड्यांच्या ठरावीक तपासणीत कण मोजणारं यंत्र आणलं. जर्मनीत एका घन सेंटिमीटरमागे अडीच लाख कण ही मर्यादा आहे. इंजिन नुसतं चालू ठेवायचं, नळी सायलेन्सरमध्ये घालायची, थोड्या वेळात यंत्र सांगतं की जाळी शाबूत आहे की नाही. ऍक्सिलरेटर दाबायचाच नसतो, त्यामुळे अर्धा पाय दाबायची पळवाटही राहत नाही. हे यंत्र बाजारात मिळतं, हातात धरून नेता येतं. आपण नियम युरोपाच्या धर्तीवर घेतले, मग तपासणी जुनीच का ठेवली? याचं समाधानकारक उत्तर मला आजवर कुठे वाचायला मिळालेलं नाही. जड गाड्यांच्या फिटनेससाठी यंत्रांनी चालणारी तपासणी केंद्रं उभी राहताहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. ब्रेक, दिवे, चाकं यांची तपासणी माणसाच्या मर्जीवर राहणार नाही. पण डिझेलसाठी तिथेही धूरमापकच असणार असेल, तर जाळीचा प्रश्न आहे तिथेच राहील.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एका बदलामागे पाच हजार रुपये दंड. पाच हजार! जाळी बदलायचा खर्च लाखात असताना पाच हजारांचा दंड म्हणजे मालकाला सवलत दिल्यासारखं आहे. आणि तोही सापडला तर. गाड्या बनवणाऱ्या, आयात करणाऱ्या आणि विकणाऱ्यांसाठी याच कलमात गाडीमागे एक लाखाचा दंड आहे. पण ज्या गॅरेजात डबा कापला जातो, ज्या दुकानात तो काळा डबा विकला जातो, त्यांच्यासाठी त्यात स्वतंत्र तरतूद नाही. प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्याबद्दल कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स रद्द होऊ शकतं. लायसन्स कुणाचं? गाडी चालवणाऱ्याचं. जाळी मालकाने काढली, काम मिस्त्रीने केलं, पैसे दुकानदाराने घेतले, आणि घरी बसणार महिन्याच्या पगारावर राबणारा ड्रायव्हर. यात न्याय कुठे आहे?

एक मिस्त्री शेकडो ट्रक बिघडवतो. म्हणून आधी धरायला हवं ते गॅरेज आणि डबे विकणारं दुकान. अमेरिकेत हा रोग आपल्याहून जुना आहे. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये काढलेल्या हिशेबानुसार त्याआधीच्या दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपांमधली प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढून टाकली गेली होती. काही जण तर हौस म्हणून मुद्दाम काळे लोट सोडत फिरतात. त्या संस्थेने असे भाग बनवणाऱ्यांवर आणि विकणाऱ्यांवर खटले भरले. मोठ्या कंपन्यांनाही सोडलं नाही. इंजिनातल्या अशाच लबाडीच्या आरोपावरून इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सला २०२४ च्या सुरुवातीला १६७.५ कोटी डॉलरच्या दंडावर तडजोड करावी लागली. फोक्सवॅगन या जर्मन मोटार कंपनीची लबाडी २०१५ मध्ये जगापुढे आली, ती वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गाडीच्या मागे यंत्र बांधून प्रत्यक्ष रस्त्यावर मोजमाप केलं होतं म्हणून. आपल्या हरित लवादानेही २०१९ मध्ये त्या कंपनीला ५०० कोटींचा दंड ठोठावला. प्रयोगशाळेतल्या परीक्षेत त्याच गाड्या वर्षानुवर्षं पास होत होत्या.

कुणी म्हणेल, ट्रकांवर एवढा बडगा उगारला तर भाजीपाला महागेल. थोडा महागेल, मान्य. पण आज तो स्वस्त आहे असं आपण समजतो तेही खरं नाही. डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच निःसंदिग्ध शब्दांत जाहीर केलं आहे. कांद्याच्या भावात न धरलेली ती किंमत कुणाच्या तरी घरात नेब्युलायझरच्या रूपाने वसूल होतेच. ती चुकवतात रस्त्याकडेला राहणारे, ठेले लावणारे, तीन इमलीच्या चौराह्यावर दिवसभर उभे असणारे ट्रॅफिकचे शिपाई. ट्रकातला माल त्यांच्यापैकी कितीजणांच्या घरी जातो?

सप्टेंबर २०२५ मध्ये एअरपोर्ट रोडवर नो-एन्ट्रीत शिरलेल्या ट्रकने माणसं चिरडली. शहर हादरलं, मुख्यमंत्र्यांना दखल घ्यावी लागली, पोलीस अधिकारी निलंबित झाले. ते व्हायलाच हवं होतं. धुराने माणूस मरतो तेव्हा कुणी निलंबित होत नाही, कारण तो वीस वर्षांत मरतो आणि मृत्यूच्या दाखल्यावर ट्रकचा नंबर नसतो.

हवेसाठी पैसाच नाही, असंही नाही. २०१९ च्या जानेवारीत राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, इंदूर त्याच्या यादीत आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०२४ मध्ये या कार्यक्रमातल्या खर्चाचा आढावा घेतला, तेव्हा देशभरात जवळजवळ ६४ टक्के पैसा रस्त्यावरच्या धुळीवर गेलेला दिसला. वाहनांवर तेरा टक्क्यांहूनही कमी. कारण सरळ आहे. शहरांची प्रगती पीएम १० वर, म्हणजे हवेतल्या दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांवर मोजली जाते, आणि पीएम १० मध्ये धुळीचा वाटा मोठा. रस्ते झाडले, पाणी मारलं की आकडा उतरतो. आपल्याकडे रात्री रस्ते झाडणारी यंत्रं फिरतात, ती फिरलीच पाहिजेत, त्यांचा उपयोग आहे. पण डिझेलची काजळी पीएम १० पेक्षा कितीतरी बारीक असते, ती झाडूला सापडत नाही. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांसाठी आपलीच राष्ट्रीय मर्यादा वर्षाला सरासरी घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटना ५ म्हणते. शहरांची क्रमवारी लावताना पीएम २.५ आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांना वजन दिलं, तर महापालिका आपसूक ट्रककडे बघू लागतील. आपण पहिल्या क्रमांकावर आहोत, तेव्हा ही मागणी आपणच करावी. शेवटच्या क्रमांकाच्या शहराने ती केली तर लोक म्हणतील, रडतायत.

इंदूरने हे करावं असं म्हणायला आणखीही आधार आहे. कचरा वेगळा करायची सवय या शहराला लागली ती दारात गाडी येऊन रोज बघू लागली तेव्हा. ओला-सुका एकत्र दिसला की कचरा परत, पुन्हा तेच केलं की दंड. बघणारा माणूस रोज येत होता म्हणून लोक बदलले. देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून सीएनजी करणारा ५५० टनांचा प्लांट २०२२ मध्ये उभा राहिला आणि त्या गॅसवर शहरातल्या बस धावतात. हे ज्यांना जमलं त्यांना ट्रकच्या सॉकेटमध्ये वायर घालून बघणं जड नाही. इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम कंपनीचा आहे की बदललेला, हे योग्य उपकरण असेल तर तपासता येतं. कंपन्यांनी प्रत्येक मॉडेलची खूण आरटीओला देणं बंधनकारक केलं की झालं.

पीथमपूरला, शहरापासून तासाभराच्या अंतरावर, नॅट्रॅक्स आहे. सव्वाअकरा किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक असलेली देशातली मोठी वाहन-चाचणी संस्था. त्याच पीथमपूरमध्ये ट्रक तयार होतात. धूर मोजायचं ज्ञान असलेली माणसं, ट्रक बनवणारे, ट्रक चालवणारे आणि तो धूर खाणारे, सगळे तासाभराच्या अंतरात आहेत. अशी सोय देशात फार थोड्या शहरांना आहे. कण मोजणाऱ्या यंत्रांची पहिली चाचणी देशात कुठे व्हावी, तर ती इथे व्हावी. १ जुलै २०२४ पासून मध्य प्रदेशातले आरटीओचे सीमेवरचे नाके बंद झाले. तिथे काय चालायचं ते सेंधव्याहून ये-जा करणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत आहे, ते गेले ते बरंच झालं. त्यांच्या जागी जी फिरती पथकं आली त्यांच्या हातात असं एकेक यंत्र द्या, आणि बायपासवर, देवास नाक्यावर, धार रोडवर रात्री उभी करा. ट्रक रात्री धावतात, तपासणी दिवसा करून काय मिळणार?

कायदा बदलायला वेळ लागेल. कलम १८२-अ मध्ये गॅरेज आणि विक्रेते यावेत, दंड मालाच्या आणि गाडीच्या किमतीच्या प्रमाणात असावा, पीयूसीत कणांची मोजणी यावी, हे सगळं दिल्लीत ठरेल, आणि त्यासाठी आपल्या खासदारांच्या मागे लागावं लागेल. पण एक गोष्ट इथल्या इथे होण्यासारखी आहे. मलबा उचलायला, रेती-गिट्टी आणायला, उन्हाळ्यात वस्त्यांना पाणी पुरवायला महापालिका ठेकेदारांच्या गाड्या लावते. पुढच्या टेंडरमध्ये अट घालावी: गाडी बीएस-४ किंवा त्यापुढची असेल, बीएस-६ असेल तर जाळी आणि युरियाची यंत्रणा शाबूत असल्याचं कण मोजून आणि कॉम्प्युटर वाचून दाखवलं जाईल, ही तपासणी दर तीन महिन्यांनी कुठल्याही दिवशी न सांगता होईल, आणि छेडछाड सापडली तर त्या गाडीचं बिल थांबेल. अट पाळायला जो जास्तीचा खर्च येईल तो रेटमध्ये धरावा, ठेकेदाराच्या माथी मारू नये. एवढ्यासाठी नवा कायदा लागत नाही. एमआयसीच्या, म्हणजे महापौर परिषदेच्या एका बैठकीत हा ठराव होऊ शकतो, आणि आपापल्या नगरसेवकाला भेटून तो मांडायला सांगणं आपल्यापैकी कुणालाही या आठवड्यात जमण्यासारखं आहे.